रुळातला हुकूम

कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात. भोर घाटाचा चढ १:३७ चा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढा चढ लांब गाडी एकट्या पुढच्या इंजिनाच्या बळावर चढत नाही, म्हणून मागून जादा इंजिनं लागतात आणि गाडीला लोणावळ्याच्या अंगाने वर रेटतात. घाटमाथ्यावर बँकर सुटतात, गाडी पुण्याकडे निघून जाते, आणि सुटलेली इंजिनं जागच्या जागी उभी राहतात. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्याला यात नवल वाटत नाही. पण हाच प्रसंग घरातल्या टेबलावर, १:८७ च्या प्रमाणात, जुन्या पद्धतीच्या विजेवर करायला घेतला की तो शेवटच्या पायरीला अडतो. गाडी पुढे जाऊ द्यायची आणि बँकर थांबवायचे, हे एकाच रुळावर जमत नाही.

जुन्या पद्धतीत दोन रुळांना बारा व्होल्टपर्यंतचा डीसी मिळतो. हातातलं बटण फिरवून व्होल्टेज वाढवलं की इंजिन जोरात धावतं, प्लस-मायनसची अदलाबदल केली की उलट्या दिशेने धावतं. वीज इंजिनाला नाही, रुळाला मिळत असते. त्यामुळे त्या रुळावर जितकी इंजिनं उभी असतील तितकी सगळी एकदमच हलणार. यावर एकच उपाय होता. रूळ ठिकठिकाणी कापून लेआउटचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला म्हणजे ब्लॉकला स्वतंत्र वायर आणायची, आणि पॅनलवर प्रत्येक ब्लॉकचा एक खटका ठेवायचा. हा ब्लॉक आता पहिल्या चालकाच्या हातात की दुसऱ्याच्या, ते त्या खटक्याने ठरायचं. गाडी पुढे सरकेल तसतसे खटके पाडत जायचे. वीस ब्लॉक आणि दोन चालक असा मध्यम लेआउट असला तरी पॅनलमागे वायरींचा जो जुडगा जमतो, तो स्वतःच्या हाताने जोडणाऱ्यालाही वर्षभराने ओळखू येत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. पुण्यातल्या कितीतरी मुलांनी मॉडेल रेल्वे म्हणजे काय हे पहिल्यांदा तिथेच पाहिलं असेल. तिथे काय किंवा जगात कुठेही काय, पाहणाऱ्याची नजर टेबलाच्या वरच्या अंगावर खिळते: बोगदा, सिग्नल, फलाट, वळणावरून येणारी गाडी. लेआउट बांधणाऱ्याची खरी मेहनत मात्र टेबलाच्या पोटात असते. मला या लेखात त्या पोटाबद्दलच लिहायचं आहे.

त्या पोटाने एकदा मोठा इतिहास घडवलेला आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. युद्धाच्या काळात तात्पुरती म्हणून बांधलेली आणि पुढे पन्नास वर्षं टिकलेली ‘बिल्डिंग २०’ नावाची लाकडी इमारत हे त्याचं घर. क्लबात एक गट डोंगर-घरं-डबे करण्यात रमणारा होता आणि दुसरा होता ‘सिग्नल्स अँड पॉवर’ उपसमितीचा. या दुसऱ्या गटाचा जीव टेबलाखाली अडकलेला. टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि क्रॉसबार स्विच आणून त्यांनी अशी यंत्रणा बांधली की चालकाने टेलिफोनच्या तबकडीवर आकडा फिरवावा आणि ब्लॉकची अदलाबदल रिलेंनीच सांभाळावी. हीच मुलं पुढे एमआयटीतल्या सुरुवातीच्या संगणकांवर जाऊन बसली. पीटर सॅमसनने १९५९ साली क्लबाच्या बोलीचा कोश केला. ॲलन कोटोक पुढे डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या मोठ्या संगणकांचा रचनाकार झाला. १९६२ च्या ‘स्पेसवॉर’ या संगणकीय खेळासाठी लागलेल्या हातातल्या पेट्या कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी क्लबाच्या खोलीतल्या सुट्या भागांतून जोडल्या. स्टीव्हन लेव्हीने हॅकरांचा इतिहास १९८४ साली लिहिला, तेव्हा त्याची सुरुवात या रेल्वेक्लबापासूनच केली. मला यात योगायोग दिसत नाही. शंभर रिले एकमेकांशी भांडू न देता एका गाडीला वाट काढून देणं हा प्रोग्रॅमिंगचाच धडा होता.

पण रिलेंची ती सगळी हुशारी टेबलात होती. इंजिन मात्र तसंच मुकं, मिळेल त्या व्होल्टेजवर धावणारं. हुशारी इंजिनातच घातली तर ब्लॉकच लागणार नाहीत, हा विचार पुढच्या पिढीचा. जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात ‘ॲस्ट्रॅक’ नावाची प्रणाली काढली. रुळांतून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे संकेत जायचे आणि प्रत्येक इंजिन आपापली फ्रिक्वेन्सी ऐकायचं. १९७९ च्या डिसेंबरपासून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिकात कीथ गुटिएरेझने ‘सीटीसी-१६’ घरी बांधण्याची कृती दिली. त्यात सोळा इंजिनं स्वतंत्र चालत. त्याच सुमाराला इंग्लंडच्या हॉर्नबीने ‘झीरो वन’ आणलं, मायक्रोप्रोसेसर असलेलं आणि तेही सोळा इंजिनांचं. सगळे प्रयत्न कल्पक होते, अडचण एकच. एकाचं इंजिन दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. ज्या कंपनीची प्रणाली घेतली तिच्या दाराशी माणूस कायमचा बांधला जायचा.

ही गाठ सुटली ती जर्मनीतल्या गीसेन शहरामुळे. तिथल्या बर्न्ड लेन्झच्या कंपनीने १९८० च्या दशकात मेर्कलिन आणि आर्नोल्ड या खेळणी-रेल्वे कंपन्यांसाठी डिजिटल प्रणाली विकसित केल्या होत्या. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, म्हणजे १९३५ पासून रुळांच्या आणि चाकांच्या मापांची मानकं ठरवत आलेल्या हौशी लोकांच्या संघटनेने, बाजारातल्या सगळ्या प्रणाली तपासून लेन्झच्या पद्धतीचा पाया निवडला आणि १९९४ साली त्याचं खुलं मानक केलं. तेच आजचं डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. या छंदाच्या इतिहासात यापेक्षा मोठा निर्णय दुसरा झाला नाही असं माझं मत आहे. कारण त्यानंतर एका देशातला डीकोडर, दुसऱ्या देशातलं इंजिन आणि तिसऱ्या देशातलं, हुकूम पाठवणारं कमांड स्टेशन एकमेकांशी बोलू लागले.

ते बोलतात कसे, हे कळल्याशिवाय वायरिंग का महत्त्वाचं हे कळत नाही. डीसीसीच्या रुळांत साधारण पंधरा व्होल्ट सतत असतात, गाडी उभी असली तरीही. पण ते डीसी नव्हे. दोन रुळांची प्लस-मायनस दर सेकंदाला हजारो वेळा उलटत असते, आणि किती वेळाने उलटते यातच संदेश असतो. उलटण्यांमधलं अंतर ५८ मायक्रोसेकंद असेल तर तो ‘एक’, १०० किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. इंजिनातला डीकोडर याच विजेतून मोटर चालवायची ताकद काढून घेतो आणि याच उलटापालटीतून हुकूमही वाचतो.

नव्या इंजिनाचा पत्ता कारखान्यातून ३ ठेवलेला असतो. त्याला ‘पुढे, कमी वेगाने’ एवढंच सांगायचं झालं तर कमांड स्टेशन आधी निदान चौदा ‘एक’ पाठवतं. ती झाली ललकारी, सगळ्यांनी कान टवकारण्यासाठी. मग एक शून्य. मग पत्ता: ००००००११. पुन्हा शून्य, आणि हुकूम: ०११००१००. यातले पहिले दोन आकडे सांगतात की हा वेगाचा हुकूम आहे, तिसरा दिशा, शेवटचे चार वेग. पुन्हा शून्य, आणि शेवटी पडताळा: ०११००१११. पत्ता आणि हुकूम एकाखाली एक मांडले आणि जिथे दोन आकडे वेगळे तिथे ‘एक’, सारखे तिथे ‘शून्य’ लिहिलं की हा पडताळा येतो. इंजिनही तोच हिशेब करतं. जुळला नाही तर तो हुकूम सरळ टाकून देतं. एक्केचाळीस आकड्यांचं बाड आणि शेवटचा एक ‘एक’, मिळून हे सगळं जेमतेम सव्वासहा मिलिसेकंदांत उरकतं. म्हणजे सेकंदाला दीडशेच्या आसपास हुकूम. कमांड स्टेशन ते सारखे घोकत राहतं, त्यामुळे धुळीने एखादा हुकूम हुकला तरी पुढचा पोचतो.

आता बँकरचा प्रश्न सुटतो. पुढच्या इंजिनाचा पत्ता वेगळा, मागच्याचा वेगळा. एकाला ‘चल’, दुसऱ्याला ‘थांब’. अर्थात चढावर दोघांचा वेग जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर मागचं इंजिन जोर करून मधले डबे वळणावर रुळाबाहेर काढतं. त्यासाठी डीकोडरमध्ये सीव्ही नावाचे आकडे असतात: दुसरा सीव्ही गाडी कितव्या व्होल्टेजला हलेल ते ठरवतो, तिसरा ती किती सावकाश वेग घेईल ते, चौथा किती सावकाश थांबेल ते. दोन इंजिनं शेजारी-शेजारी पळवून, हे आकडे थोडेथोडे बदलून, जुळणी करायची असते. हे काम संयमाचं आहे आणि त्यात फार गोडी आहे.

डीसीसी विकणाऱ्यांनी सुरुवातीपासून एक वाक्य लोकांच्या मनावर ठसवलं: दोन वायरी पुरेत. कमांड स्टेशनपासून दोन वायरी काढा, रुळाला जोडा, संपलं. जमिनीवर मांडलेल्या अंडाकृती रुळासाठी हे खरं आहे. खऱ्या लेआउटसाठी ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं न सांगितल्यामुळे अनेकांचे लेआउट अर्धवट राहिलेले आहेत. पूर्वी खराब जोडामुळे गाडी जरा मंदावायची, एवढंच. आता ताकद आणि हुकूम एकाच वाटेने जातात. वाट खराब असेल तर गाडी मंदावत नाही. ती ऐकणंच बंद करते.

त्यामुळे टेबलाखाली एक जाड, अखंड जोडी फिरवावी लागते. तिला बस म्हणतात. तिच्यापासून दर हात-दीड हातावर बारीक वायरी वर रुळाला जातात, त्या फीडर. बससाठी आपल्याकडे घरच्या वायरिंगला वापरतात तीच अडीच स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर उत्तम. का, ते आकड्यांत बघू. अडीचच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे आठ ओहम. आठ मीटर लांबीची बस म्हणजे जाऊन-येऊन सोळा मीटर. रोध सुमारे ०.१३ ओहम. पाच अँपिअर वाहिले तर टोकाला पाऊण व्होल्टहून कमी घट. आता तिथेच अर्ध्या स्क्वेअर एमएमची वायर घातली तर रोध जवळजवळ पाचपट, आणि घट तीन व्होल्टच्या वर. पंधरापैकी तीन व्होल्ट वायरीतच गेले.

मुंबईच्या लोकलने हाच हिशेब नव्वद वर्षं सोसला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच कामाला करंट जास्त, करंट जास्त म्हणजे तारेतली घट जास्त, म्हणून सबस्टेशनं जवळजवळ लागत. २०१६ पर्यंत मुंबईची उपनगरी वाहतूक २५,००० व्होल्ट एसीवर आली. तेवढ्याच ताकदीला करंट सतराव्या हिश्श्यावर आला. आपलं टेबल या मोजपट्टीच्या अगदी तळाला आहे, पंधरा व्होल्टवर. इथे घट सर्वांत जास्त छळणार, आणि फीडर ही आपली सबस्टेशनं.

रुळालाच वीज वाहू दिली तर काय बिघडलं, असा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. मॉडेलचे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. तो तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू. गंजत नाही म्हणून रुळाला चांगला, पण वीज वाहायला तांब्यापेक्षा पंधरा पटींहून वाईट. त्यात दर मीटरभरावर दोन रूळ जोडणारी फिशप्लेट. ती पत्र्याची बारीक चिमटी. आज घट्ट, उद्या सैल. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात प्लाय फुगतो, ऑक्टोबरात आकसतो, आणि ती चिमटी प्रत्येक वेळी थोडी ढिली होते. आत ओलावा आणि रंगाचा थर गेला की तिथे वीज अडते. म्हणून माझा नियम असा: फिशप्लेट रूळ सरळ ठेवण्यासाठी, वीज वाहण्यासाठी नव्हे. प्रत्येक रूळतुकड्याला, तो वीतभर का असेना, स्वतःचा फीडर.

फीडरला डाख देण्याचं काम जवळून बघण्यासारखं आहे. रुळाची बाहेरची बाजू बारीक कानशीने चकचकीत करायची. आतली बाजू नाही, कारण तिथून चाकाची कड जाते. स्लीपरांच्या मधोमध टेबलाला अडीच-तीन मिलिमीटरचं छिद्र. अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीचं टोक चार-पाच मिलिमीटर सोलायचं, पीळ द्यायचा, फ्लक्स लावून त्यावर कथील चढवायचं, आणि टोक काटकोनात वळवून रुळाच्या कमरेला टेकवायचं. रुळालाही त्या जागी आधी कथिलाचा पातळ थर द्यायचा. दोन्ही बाजूंच्या स्लीपरांवर ओला कापूस ठेवायचा, कारण स्लीपर प्लॅस्टिकचे आहेत. मग साठ वॉटची, रुंद टोकाची आयर्न टेकवायची, आणि दोन-तीन सेकंदांत उचलायची. कमी ताकदीची आयर्न घेऊन दहा सेकंद धरली तर कथील वितळायच्या आधी स्लीपर वितळतो. चांगला डाख चकाकतो आणि कडेला पसरत जातो. गोळी होऊन वर बसलेला, मळकट दिसणारा डाख थंड राहिलेला असतो. तो पुन्हा करायचा. गार झाल्यावर वायर खालून जरा ओढून बघायची.

खाली बसवर जोडताना बस तोडायची नाही. सेंटिमीटरभर आवरण सोलायचं, फीडर दोन-तीन वेढे देऊन डाख द्यायचा, वर टेप. फीडर वीतभराहून लांब नको. बसच्या दोन वायरींना एकमेकींभोवती सैल पीळ द्यावा, फुटाला तीनचार वेढे. दोन वायरी लांबलांब ठेवल्या तर हजारो वेळा उलटणाऱ्या विजेला त्या अडवतात, लाटेच्या कडेला अणकुचीदार शिखरं येतात आणि डीकोडर हुकूम चुकीचा वाचतो, कधी जळतोही. बसची दोन टोकं जोडून वर्तुळही करू नये. रंग मात्र शेवटपर्यंत एकच: लाल वायर नेहमी एकाच रुळाला, काळी दुसऱ्या. एवढं पाळलं तर निम्मे त्रास टळतात.

सगळं जोडून झालं की नाण्याची परीक्षा. जगभरचे डीसीसीवाले ती करतात, आपलं एक रुपयाचं नाणं तिला पुरेसं आहे. कमांड स्टेशन चालू ठेवून नाणं दोन रुळांवर आडवं ठेवायचं. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, नाणं त्याहून रुंद. बूस्टरने, म्हणजे रुळांना ताकद पुरवणाऱ्या भागाने, तत्काळ वीज तोडली पाहिजे. नाणं उचललं की पुन्हा यायला हवी. हे दर दोन फुटांवर, प्रत्येक सायडिंगच्या टोकापर्यंत करायचं.

यामागचं कारण गंभीर आहे. बूस्टर पाच अँपिअरला तुटतो असं धरा. पंधरा व्होल्टला पाच अँपिअर वाहायचे तर सगळ्या वाटेचा रोध तीन ओहमपेक्षा कमी हवा. बारीक वायर, ढिली फिशप्लेट, थंड डाख यांनी तो वाढला तर शॉर्ट झाल्यावरही साडेचार अँपिअरच वाहतात, आणि बूस्टरला वाटतं की गाड्या जास्त आहेत. तोवर त्या सगळ्या वाटेत, रुळावरून घसरलेल्या इंजिनाच्या बोगीसकट, साठ-सत्तर वॉटची वीज उष्णतेत बदलत राहते. आपल्या हातातल्या आयर्नएवढी. प्लॅस्टिकची बोगी त्यात काही सेकंदांत बसते. नाण्याने वीज तुटली नाही तर त्या तुकड्यावर गाडी आणायचीच नाही.

सांध्यांनी, म्हणजे गाडीची वाट बदलणाऱ्या पॉइंटांनी, जुन्या पद्धतीत जे लपवलं होतं ते डीसीसीने उघडं पाडलं. गाडी सांध्यावरून जाताना चाकाची पाठ कधीकधी उघड्या जिभेला चाटून जाते. ती जीभ दुसऱ्या रुळाच्या विजेची असेल तर क्षणभर शॉर्ट. डीसीत मोटर जरा अडखळायची आणि पुढे जायची, कुणाच्या ध्यानातही येत नसे. डीसीसीचा बूस्टर मिलिसेकंदांत जागा होतो आणि अख्खा लेआउट थांबतो. म्हणून प्रत्येक जीभ तिच्या शेजारच्या बाहेरच्या रुळाशी वायरीने बांधायची, म्हणजे चाक चाटलं तरी दोन्हीकडे एकच वीज. जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात ते क्रॉसिंग मात्र दोन्ही बाजूंनी तोडून वेगळं ठेवायचं, आणि सांधा फिरवणाऱ्या मोटरवरच्या जादा खटक्यातून त्याला योग्य ती वीज द्यायची. प्लॅस्टिकचं क्रॉसिंग असलेले सांधे जोडायला सोपे असतात हे मान्य, पण शंटिंगचं छोटं इंजिन त्यावर हमखास मरतं. यार्ड करायचं असेल तर मी नेहमी वीजवाहक क्रॉसिंगच सुचवतो.

सांध्यांच्या मोटरींची वीज रुळाच्या बसमधून घेऊ नये, याबद्दल मी आग्रही आहे. चुकीच्या बाजूला लावलेल्या सांध्यावर इंजिन चढलं की शॉर्ट होतं, वीज तुटते. सांध्याची मोटर त्याच विजेवर असेल तर सांधा फिरवताही येत नाही. इंजिन हाताने उचलावं लागतं. सांध्यांना वेगळी जोडी दिली की बोट न लावता सांधा सरळ होतो.

आता या विषयातला सर्वांत अवघड तुकडा: उलटा फेरा. गाडी एका मार्गाने गेली, गोल वळून त्याच मार्गावर परत आली, की डावा रूळ उजव्या रुळाला येऊन भिडतो. लाल काळ्याला. सरळ शॉर्ट. कागदावर लेआउट काढून एक रूळ लाल आणि एक निळा रंगवत गेलं की अशी जागा लगेच सापडते, आणि कुठली जागा अशी नाही तेही कळतं. दार्जिलिंगच्या रेल्वेचा बतासिया फेरा पाहून अनेकांना धडकी भरते, पण तो मार्ग स्वतःच्याच वरून जातो, स्वतःला येऊन मिळत नाही. तिथे काहीच करावं लागत नाही. भोर घाटात १८६३ पासून १९२९ पर्यंत जे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी एका बंद टोकात शिरून तोंड फिरवून निघायची. गाडीची दिशा उलटायची, रुळांची नाही. रंगवून बघा: लाल लालच राहतो. त्रिकोणाचं मात्र उलट आहे. तीन सांध्यांचा त्रिकोण दिसायला निरुपद्रवी, पण त्याची एक बाजू नेहमी शॉर्ट करते. टर्नटेबलचंही तसंच. मेर्कलिनच्या जुन्या तीनरुळी पद्धतीत मात्र दोन्ही बाहेरचे रूळ एकाच विजेचे आणि दुसरी वीज मधल्या खुंट्यांतून. तिथे ही अडचण जन्मालाच येत नाही.

उपाय असा: फेऱ्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना, दोन्ही रुळांत कापून वेगळा करायचा आणि त्याला ऑटो-रिव्हर्सर नावाची छोटी पाटी जोडायची. चाकाने काप ओलांडला की क्षणिक शॉर्ट होतं, पाटी ते ओळखते आणि त्या तुकड्याची लाल-काळी उलटवते. इंजिनाला काहीच कळत नाही, कारण त्याची दिशा रुळांच्या विजेने ठरत नाही, हुकुमाने ठरते. पाटी बूस्टरपेक्षा लवकर जागी झाली पाहिजे, एवढं बघायचं. आणि तुकडा पुरेसा लांब हवा. आयसीएफचा डबा २२.३ मीटर, १:८७ मध्ये साडेपंचवीस सेंटिमीटर. सोळा डब्यांची गाडी चार मीटरच्या वर. सगळ्या डब्यांत दिवे असतील, म्हणजे चाकांतून वीज घेतली जात असेल, तर पूर्ण गाडी त्या तुकड्यात मावायला हवी. एवढी जागा नसेल तर डब्यांची चाकं प्लॅस्टिकची ठेवून मधल्यांचे दिवे सोडून द्यावेत.

याच ओघात एक गोष्ट सांगायला हवी. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचं. १:८७ ला त्याचे सव्वाएकोणीस मिलिमीटर होतात. बाजारातले रूळ साडेसोळाचे, कारण ते युरोपच्या १,४३५ मिलिमीटरवरून आलेले. म्हणून आपली डब्ल्यूडीएम किंवा डब्ल्यूएपी इंजिनं मॉडेलमध्ये पायांनी जरा जवळ उभी दिसतात. बहुतेक सगळे हे मान्य करून पुढे जातात, आणि मला ते योग्य वाटतं. हाताने सव्वाएकोणीसचे सांधे बांधण्यात जाणारी वर्षं घाट बांधण्यात जावीत.

लेआउट मोठा झाला की एकच बस पुरत नाही. यार्ड, मुख्य मार्ग, घाट असे तीन-चार भाग करून प्रत्येकाला आपला सर्किट ब्रेकर द्यावा. यार्डात कुणाचा डबा घसरला म्हणून घाटातली गाडी थांबू नये. याचा दुसरा फायदा असा की बिघाड शोधणं सोपं होतं.

ब्लॉक तोडणं डीसीसीने संपवलं असं लोक म्हणतात, पण गाडी कुठे आहे हे संगणकाला कळायला हवं असेल तर ब्लॉक परत येतात, या वेळी वेगळ्या कामासाठी. प्रत्येक ब्लॉकला जाणाऱ्या वायरीत करंट मोजणारी पाटी बसते. करंट वाहतोय म्हणजे गाडी आहे. डब्यांना मोटर नसते, म्हणून त्यांच्या एका चाकजोडीवर दहा हजार ओहमचा रेझिस्टर चिकटवतात. पंधरा व्होल्टला दीड मिलिअँपिअर, तेवढं पाटीला पुरतं. ही युक्ती मॉडेलवाल्यांची नव्हे. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. रुळांत बारीक करंट सोडायचा आणि आसाने तो जोडला की सिग्नल लाल करायचा. खऱ्या रेल्वेत आजही ते चालतं. म्हणून डिझाइन करतानाच, फीडर ब्लॉकनुसार गटात बांधून, एका वायरीवर एकत्र आणून ठेवावेत. पाट्या पुढल्या वर्षी घेता येतील, पण टेबलाखाली पाठीवर झोपून सगळे फीडर पुन्हा तोडण्याची वेळ येता कामा नये.

खर्चाची भीती हे आपल्याकडे डीसीसीपासून दूर राहण्याचं मोठं कारण असतं. आयात कमांड स्टेशन खरंच महाग पडतं. पण डीसीसी-ईएक्स हा खुला प्रकल्प आता आहे. आर्डुइनो मेगा, एक मोटर शील्ड आणि योग्य अडॅप्टर यांच्यावर पूर्ण कमांड स्टेशन उभं राहतं, आणि मोबाइल फोन हाच थ्रॉटल होतो. हे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळतात. साध्या शील्डची ताकद दोन-तीन गाड्यांपुरतीच असते हे लक्षात ठेवावं. त्याला जेएमआरआय हा मोफत प्रोग्रॅम जोडला की सीव्ही संगणकावर बसून बदलता येतात. डीकोडर मात्र विकतच घ्यावा लागतो, आणि तिथे काटकसर करू नये. वायरीत तर मुळीच नको. गेल्या काही वर्षांत तांबं महागलं तसे लोक बारीक वायर घ्यायला लागले आहेत. एका इंजिनाच्या किमतीत आख्ख्या खोलीची अडीचची बस होते.

प्रत्येक वायरीला टोकाला चिठ्ठी आणि एका वहीत तिचा नकाशा, हे कामाचा भाग समजावं. चिठ्ठीवर नुसता आकडा नको, ‘घाट, खालचा सांधा, क्रॉसिंग’ असं लिहावं. ते वाचणारा बहुतेक वेळा आपणच असतो, पण कधी आपला मुलगा किंवा मित्रही असतो.

अलीकडे लेन्झच्याच रेलकॉम पद्धतीमुळे इंजिनंही उत्तर देऊ लागली आहेत: मी अमुक पत्त्याचं इंजिन, आत्ता या ब्लॉकमध्ये आहे. त्यासाठी प्रत्येक हुकुमानंतर बूस्टर रुळांतली वीज क्षणभर थांबवतो आणि त्या फटीत डीकोडर आपला अगदी क्षीण संदेश पाठवतो. खराब डाख आणि बारीक वायर हुकुमाला कशीबशी जाऊ देतात, या उत्तराला जाऊ देत नाहीत. सगळे बूस्टर ही फट ठेवत नाहीत. तेव्हा आज लेआउटला सुरुवात करणाऱ्याने बूस्टर घेताना तो रेलकॉमची फट देतो का हे दुकानदाराला आधी विचारावं, आणि बस अडीचचीच टाकावी.